थेंबाचे गणित आणि यंत्राची पाटी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालकांच्या सभेत झालेले व्याख्यान)



चिकपेटेत वळवाचा पाऊस बहुधा दुपार कलल्यावर येतो. दुकानांपुढे मांडलेले कापडाचे गठ्ठे लगबगीने आत जातात, गल्लीतली माणसे पागोळ्या चुकवीत अंग चोरून चालतात आणि शाळेतून परतणारी मुले छत्रीवर वाजणारा पाऊस ऐकत घर गाठतात. या नित्याच्या दृश्यातून भौतिकशास्त्राचा एक साधा प्रश्न निघतो. ढग जमिनीपासून एक किलोमीटर उंच आहे असे धरले, तर तेथून निघालेला थेंब छत्रीवर किती वेगाने आदळेल?

शालेय पुस्तकातील सूत्र हाताशी आहे. अंतिम वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दुपटीला उंचीने गुणून येणारी संख्या. ९.८ ची दुप्पट १९.६, तिला १,००० ने गुणले की १९,६००, त्याचे वर्गमूळ बरोबर १४०. सेकंदाला १४० मीटर, म्हणजे ताशी ५०४ किलोमीटर. आकडेमोड निर्दोष आहे आणि परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळतील. मात्र या वेगाने थेंब खरोखरच येत असते, तर छत्री उघडून पावसात उभे राहण्याचे धाडस कोणी केले नसते. प्रत्यक्षात पावसाचा मोठ्यात मोठा थेंबही सेकंदाला सुमारे ९ मीटरच्या पुढे फारसा जात नाही.

एवढी तफावत पडते, कारण सूत्रात हवेला स्थान नाही. 'हवेचा विरोध नगण्य मानल्यास' ही अट पुस्तकात छापलेली असते. पण उदाहरण सोडविण्याच्या घाईत ती वाचली जात नाही. दगड दुसऱ्या मजल्यावरून सोडला तर ती अट खपून जाते. थेंबाच्या बाबतीत सगळे नाट्य त्या वगळलेल्या हवेतच घडते.

हवा हिशेबात घेतली की सूत्राचे काम अवघड होते. थेंब जितका वेगाने पडेल तितका हवेचा विरोध वाढतो, विरोध वाढला की त्वरण घटते, आणि त्वरण घटले की वेगाची वाढ मंदावते. जे शोधायचे तेच पदोपदी बदलत राहते. अशा प्रश्नांसाठी कलनशास्त्र लागते आणि ते पी.यू.सी.च्या वर्गात भेटते. तेथेही मोजक्याच प्रश्नांची उत्तरे नेटक्या सूत्रात मिळतात. निसर्गातील बहुसंख्य प्रश्न त्या सूत्रांच्या पलीकडे राहतात. आठवी-नववीतील मुलीने मग तोवर थांबावे काय?

थांबण्याचे कारण नाही. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने १७६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलनशास्त्राच्या ग्रंथात एक वाट दाखवून ठेवली आहे. काळाचे लहान लहान तुकडे पाडावेत. एका तुकड्यापुरते त्वरण बदलत नाही असे समजावे. त्या त्वरणाला तुकड्याच्या लांबीने गुणावे, आलेली संख्या आधीच्या वेगात मिळवावी, नव्या वेगावरून नवे त्वरण काढावे, आणि पुढच्या तुकड्याकडे वळावे. या कृतीत गुणाकार, बेरीज आणि वजाबाकी यांपलीकडे काहीही नाही.

सुमारे सव्वादोन मिलिमीटर व्यासाचा थेंब घेतला, तर हवेमुळे घटणारे त्वरण वेगाच्या वर्गाच्या ०.२ पट आहे असे मानता येते. काळाचा तुकडा एक दशांश सेकंदाचा धरू. आरंभी वेग शून्य, म्हणून त्वरण पूर्ण ९.८, पहिल्या पायरीनंतर वेग ०.९८. आता त्याचा वर्ग ०.९६, त्याची ०.२ पट ०.१९, उरलेले त्वरण ९.६१; दुसऱ्या पायरीनंतर वेग १.९४. तिसऱ्या पायरीनंतर २.८५. येथपर्यंतचा हिशेब पाटीवर पाच मिनिटांत होतो. आणि तीनच पायऱ्यांत विद्यार्थिनीच्या ध्यानात येते की वेग वाढतो आहे, पण दर वेळची वाढ आधीपेक्षा थोडी कमी आहे. थेंबाची गोष्ट तिला समजली. राहिले आहेत ते केवळ कष्ट.

ते कष्ट उपसण्यासाठी गणिती संगणकप्रणाली आहेत. सायलॅब, ऑक्टेव्ह आणि पायथन ही त्यांतील परिचित नावे. तिन्ही विनामूल्य मिळतात. सायलॅबचा जन्म फ्रान्समधील संशोधनसंस्थांत झाला. पायथन ही सर्वसाधारण कामाची संगणकभाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि आज वैज्ञानिक गणनेसाठी जगभर वापरली जाते. ऑक्टेव्हची जन्मकथा शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. अमेरिकेतील रसायन अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना असे आढळले, की विद्यार्थ्यांचा वेळ फोर्ट्रान भाषेतील आज्ञावलीच्या चुका शोधण्यातच सरतो आणि मूळ विषय बाजूला राहतो. तो वेळ वाचावा म्हणून जॉन ईटन यांनी १९९२ पासून ही प्रणाली घडविली आणि तिला आपले जुने प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांचे नाव दिले. हे लेव्हनस्पील कशासाठी प्रसिद्ध होते? हाताशी असलेल्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चटकन अंदाजी हिशेब मांडण्यासाठी. यंत्राला नाव मिळाले ते पेन्सिलीने अंदाज बांधणाऱ्या माणसाचे.

थेंबाच्या हिशेबाकडे परत वळल्यास, वर सांगितलेली कृती पायथनमध्ये पाच-सहा ओळींत लिहिता येते. दहाव्या पायरीला, म्हणजे एक सेकंद संपताना, वेग ६.३७ येतो. कलनशास्त्राने मिळणारे अचूक उत्तर ६.२० आहे. तुकडा दसपट बारीक करून एक शतांश सेकंदाचा घेतला, की यंत्र ६.२१ सांगते. पाटीवर हे करायचे तर शंभर पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. यंत्राला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागत नाही. मग वेगाचा आलेख काढावा. रेषा आरंभी उभी चढते, दोन सेकंदांच्या आसपास वाकते आणि सेकंदाला ७ मीटर या मर्यादेला टेकून आडवी होते. हाच थेंबाचा अंत्य वेग. हवा नसती तर एक किलोमीटर अंतर १४.३ सेकंदांत तुटले असते. हवेतून तेच अंतर कापायला थेंबाला सुमारे २ मिनिटे २३ सेकंद लागतात. अंत्य वेगाची व्याख्या घोकून पाठ केलेल्या मुलापेक्षा ही आडवी होणारी रेषा स्वतः काढलेली मुलगी तो शब्द अधिक काळ जपून ठेवते.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणाचाही समज होईल की यंत्र आले, चिंता मिटली. म्हणून वर्गात लगेच दुसरा प्रयोग करून घ्यावा. तीच आज्ञावली, तोच थेंब. फक्त काळाचा तुकडा पूर्ण एक सेकंदाचा घ्यावा. पहिल्या सेकंदाअखेर वेग ९.८ येतो. दुसऱ्या सेकंदाअखेर तो ०.३९ वर कोसळतो. तिसऱ्याअखेर १०.१६ होतो. आणि चौथ्या सेकंदाअखेर यंत्र उणे ०.६९ हा आकडा दाखवते. उणे वेगाचा अर्थ थेंब वर चालला आहे. चिकपेटेतला पाऊस आभाळाकडे परत निघाला, असे यंत्र निःशंकपणे आणि दोन दशांश स्थळांपर्यंत नेमके सांगते.

यंत्र बिघडलेले नाही; सांगितले तेच त्याने केले. एका पूर्ण सेकंदात हवेचा विरोध किती बदलतो, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने विचारात घेतले नाही. असाच गोंधळ एककांमुळे होतो. थेंबाचा व्यास मिलिमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये लिहून दोन्ही एकाच हिशेबात घातले, तरी यंत्र विनातक्रार उत्तर देते. पाटीवर चुकणारे मूल निदान मध्येच अडखळते आणि बाजूच्याला विचारते. यंत्र अडखळत नाही. त्यामुळे 'हे असे होऊ शकते काय?' हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी पूर्णपणे माणसावर येते. गणिती प्रणाली शिकणे म्हणजे आज्ञा पाठ करणे, असा समज रूढ आहे. तिचा खरा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.

मराठी परंपरेला हा धडा नवा नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' हा ग्रंथ रचला. ग्रहांची स्थाने काढण्याची किचकट गणिते त्यांनी ज्यांच्या वापराशिवाय ज्योतिषाचे पान हलत नसे त्या ज्या-कोज्यांना फाटा देऊन इतकी सुटसुटीत केली, की गावोगावचे पंचांगकर्ते तीनशेहून अधिक वर्षे त्यावर विसंबून राहिले. ग्रंथ असामान्य होता, यात संशय नाही. मात्र रीत हाती आली की रीतीमागील कारण विचारण्याची गरज वाटेनाशी होते. शतके लोटली तसे पंचांगात लिहिलेले ग्रहण आणि आकाशात दिसणारे ग्रहण यांत अंतर पडू लागले. एकोणिसाव्या शतकात प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांचा आधार घेऊन 'ग्रहसाधनाची कोष्टके' हे पुस्तक १८६० मध्ये मराठीत प्रसिद्ध केले, आणि पंचांग आकाशाशी पुन्हा जुळवून पाहण्याची चळवळ सुरू झाली. लोकमान्य टिळकांना महाविद्यालयात गणिताची गोडी लावणारे ते हेच केरूनाना. रीत कितीही जुनी वा नवी असो, ती आकाशाशी ताडून पाहावी लागते, एवढाच त्या वादाचा सारांश.

शाळेतील मुलांना आकाश ताडून पाहण्याइतकी साधने लागत नाहीत. एक दोरा आणि एक दगड पुरतो. एक मीटर लांबीच्या लंबकाचा आवर्तकाल पुस्तकातील सूत्राने जवळजवळ बरोबर २ सेकंद येतो. याही सूत्रात एक अट दडलेली आहे: झोका लहान हवा. झोका ६० अंशांचा दिला तर काय होईल, याचे सोपे सूत्र शाळेच्या पुस्तकात सापडत नाही. थेंबासाठी लिहिलेली आज्ञावली दोन ओळी बदलून लंबकाला लावली, की उत्तर येते: सुमारे २.१५ सेकंद, म्हणजे सात टक्के अधिक. आता दाराच्या चौकटीला दोरा बांधून खरोखर मोजावे. झोका हळूहळू कमी होतो, म्हणून पहिली पाचच आंदोलने घ्यावीत. लहान झोक्याला दहा सेकंद लागतात, मोठ्या झोक्याला पाऊण सेकंदाच्या आसपास जास्त. घरातील मोबाइलच्या घड्याळावर हा फरक पकडता येतो. सूत्र, यंत्र आणि दोरा या तिघांची साक्ष जुळली म्हणजे मुलाला जो विश्वास लाभतो, तो शिक्षकांच्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासाहून निराळ्या जातीचा असतो.

येथे पालकांच्या मनातील शंकेचा विचार केला पाहिजे. ती बहुधा मोठ्याने बोलली जात नाही. पण प्रवेशाच्या दिवसांत ती घराघरांत वावरत असते. बंगळुरात राहायचे, रस्त्यावर कन्नड बोलायचे, महाविद्यालयात इंग्रजीतून विज्ञान शिकायचे, आणि संगणकाच्या आज्ञाही इंग्रजी; मग मराठी शाळेत घातलेले मूल पुढे मागे पडणार नाही काय? ही शंका अप्रामाणिक नाही आणि तिला भावनेने उत्तर देणेही योग्य नाही.

वस्तुस्थिती पाहावी. थेंबाच्या उदाहरणात आज्ञांचे म्हणून लागणारे इंग्रजी शब्द दहाच्या आत आहेत, आणि शालेय भौतिकशास्त्रापुरती पायथन शिकायला काही डझन शब्द पुरतात. त्यांचे स्पेलिंग आठवड्याभरात हातात बसते. याउलट वेग आणि त्वरण यांतला भेद, विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढण्याचा अर्थ, तुकडा बारीक का करायचा यामागचे कारण, या गोष्टी आठवड्याभरात बसत नाहीत. त्या ज्या भाषेत मूल भांडते, हट्ट करते आणि 'पण असे का?' असे विचारते, त्या भाषेत लवकर उमगतात. पायथनच्या सध्याच्या आवृत्तीत संख्यांना दिलेली नावे देवनागरीतही लिहिता येतात. 'वेग = वेग + त्वरण * पायरी' ही ओळ यंत्र जशीच्या तशी स्वीकारते; आकडे तेवढे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात. या ओळीवर बीजगणित शिकलेली मुलगी हमखास आक्षेप घेते, की दोन्हीकडचा वेग छाटला तर उरलेले पद शून्य होईल! आक्षेप रास्त आहे. येथे बरोबरीचे चिन्ह 'समान आहे' असे सांगत नाही. 'उजवीकडचे काढून डावीकडच्या नावात ठेव' अशी आज्ञा देते. हा संवाद मराठीत झाला तर तो दोन मिनिटांत संपतो. अनोळखी भाषेत तो आक्षेप बहुधा उच्चारलाच जात नाही, आणि गैरसमज वर्षानुवर्षे मनात राहतो.

म्हणून इंग्रजी टाळावी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. प्रणालींची सविस्तर माहिती, पुढची पुस्तके, महाविद्यालयातील व्याख्याने सारी इंग्रजीत आहेत, आणि ती वाचता येणे अपरिहार्य आहे. आठवीपासून 'त्वरण' या शब्दाशेजारी त्याचा इंग्रजी पर्याय वहीच्या समासात लिहिण्याची सवय लावली, तर दहावीनंतरची उडी बरीच लहान होते. अर्थ मराठीत पक्का झालेल्या मुलाला नवे नाव शिकावे लागते. अर्थच कच्चा राहिलेल्या मुलाला नावाचाही उपयोग होत नाही.

या वाटेवर सोबतही उपलब्ध आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'स्पोकन ट्युटोरियल' या उपक्रमात सायलॅब, पायथन, जिओजेब्रा अशा मुक्त प्रणालींचे छोटे ध्वनिचित्रपाठ आहेत, आणि त्यांतील अनेकांना मराठी निवेदन आहे. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रणाली उघडून, ऐकत ऐकत करून पाहायचे, अशी त्यांची रीत आहे. त्याच संस्थेच्या 'फॉसी' प्रकल्पात देशभरातील विद्यार्थ्यांनी प्रमाणित पाठ्यपुस्तकांतील सोडविलेली उदाहरणे सायलॅबच्या आज्ञावलीत उतरवली आणि ती सर्वांसाठी खुली केली. मुंबईतच मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञान शिक्षणाचे काम करीत आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या उपक्रमातील भौतिकशास्त्राच्या अनेक सचित्र प्रतिकृती मराठी भाषेतही पाहता येतात. घरात शिकविणारे कोणी नाही, हे कारण त्यामुळे बरेचसे निकालात निघाले आहे.

साधनांचा प्रश्न चिकपेटेला तर पडूच नये. शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर एस. पी. रोड आहे. जुने संगणक, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्त करून देणारे कुशल हात तेथे दुकानोदुकानी आहेत. वर सांगितलेल्या प्रणाली कित्येक वर्षे जुन्या संगणकावरही चालतात. अव्हेन्यू रोडवरील जुन्या पुस्तकांच्या दुकानांत भौतिकशास्त्राची उत्तम पुस्तके अल्प किमतीत मिळतात. माजी विद्यार्थ्यांना शाळेचे ऋण फेडण्याची इच्छा असते आणि ते बहुधा एखाद्या वस्तूच्या रूपाने फेडले जाते. चार संगणक देणे स्वागतार्ह आहे. पण महिन्यातून एक शनिवार सकाळ देणे त्याहून मोलाचे ठरेल. अभियंता झालेल्या माजी विद्यार्थ्याने वर्गात यावे, मुलांबरोबर पाटीवर तीन पायऱ्या चढाव्यात आणि मगच यंत्र सुरू करावे. एका संगणकापुढे दोन मुले बसवावीत: एकाने लिहावे, दुसऱ्याने 'हे असे होऊ शकते काय?' असे विचारावे, आणि अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात.

क्रमही सोपा आहे. आधी अंदाज, मग पाटी, मग यंत्र, आणि अखेरीस दोरा-दगडाची साक्ष. थेंब ताशी ५०४ किलोमीटरने येतो की २५ किलोमीटरने, याचा अंदाज छत्री धरणारा हात आधीच देतो. सेकंदाला ७ मीटर म्हणजे ताशी २५.२ किलोमीटर. मुलांनी गुणाकार करून खात्री करावी.

केंपेगौडांनी १५३७ मध्ये ही पेठ वसवली, तेव्हा दोड्डपेठ आणि चिक्कपेठ हे दोन रस्ते एका चौकात परस्परांना छेदतील असे आखले गेले. अनुक्रमे मोठी आणि लहान पेठ, असा त्या कन्नड नावांचा अर्थ. पुढे १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले आणि मराठी बोलणारी घरे या परिसरात रुजली. येथील मराठी माणूस तेव्हापासून एकाहून अधिक भाषांत हिशेब करीत आला आहे. गिऱ्हाइकाशी कन्नडात बोलणे आणि वहीतील जमाखर्च मराठीत पडताळणे त्याला कधी जड गेले नाही. संगणकाची भाषा ही त्यात पडलेली आणखी एक भर आहे. पडताळणी मात्र अजूनही स्वतःच करावी लागते.

शाळेच्या साठ वर्षांत साधने बदलत गेली. पाटी होती, मग लॉगरिथमच्या कोष्टकांचे पातळ पुस्तक आले, मग खिशात मावणारे गणकयंत्र, आणि आता संगणक. या सर्व काळात शिक्षकांनी फळ्यापाशी उभे राहून एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला: 'उत्तर आले, पण ते बरोबर कशावरून?' हा प्रश्न मराठीत विचारणारी एक शाळा चिकपेटेत आहे, तोवर तेथील मुलांनी कोणत्याही यंत्रापुढे बिचकण्याचे कारण नाही. येत्या वळवाच्या पावसात एखाद्या मुलाने छत्री मिटून आधी आभाळाकडे पाहिले आणि मग वही उघडली, तर पालकांनी त्याला भिजल्याबद्दल फार रागावू नये.